जुन्या फोटोतला फोनोग्राफ ओळखायचाय: भिंग घेऊ की स्कॅनर?

दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय. नळकांडं वाजवतो तो फोनोग्राफ आणि तबकडी वाजवतो तो ग्रामोफोन, स्कॅनरचा डीपीआय म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपतो ते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

फोटोत आपला डोळा आधी कर्ण्यावर जातो, आणि ओळख पटवायला सगळ्यात कमी भरवशाचा भाग तोच. कर्णे सुटे विकत मिळायचे, लोक हौसेने बदलायचे, पाकळ्यांचे रंगीत कर्णे आले तेव्हा जुन्या मशीनवर नवा कर्णा चढला असं सर्रास झालं. खरी ओळख पटते ती खालच्या पेटीवरून आणि कर्ण्याचं बारीक टोक कुठे जाऊन बसलंय त्यावरून. तबकडीच्या मशीनवर कर्णा थेट साउंडबॉक्सला (सुई आणि पडदा असलेल्या डबीला) जोडलेला असेल तर घडण जुनी (स्वस्तातली मॉडेलं सोडून), मध्ये टोनआर्म (आवाज कर्ण्यापर्यंत नेणारी पोकळ नळी) दिसला तर नंतरची, कारण व्हिक्टर या अमेरिकन कंपनीने निमुळता टोनआर्म आणला १९०३ मध्ये. एडिसनच्या 'स्टँडर्ड' या नळकांड्याच्या मॉडेलवर पेटीच्या पुढच्या बाजूला रिबिनीसारख्या लांब पट्टीत पूर्ण नाव असेल तर ती आधीची, नुसती 'एडिसन' अशी वळणदार अक्षरं असतील तर नंतरची. म्हणजे जे बघायचं ते सगळं नखाएवढ्या जागेत, आणि तेही बहुतेक वेळा टेबलाखालच्या किंवा कोणाच्या तरी कोटाच्या सावलीत.

आता स्कॅनर. सावली उजळता येते, कॅटलॉगचं चित्र शेजारी ठेवून ताडून बघता येतं, परदेशातल्या एखाद्या जाणकाराला फाइल पाठवता येते, मान मोडत नाही. १२०० डीपीआयच्या वर जाऊन मला तरी काही जास्त मिळालेलं नाही, फाइल तेवढी फुगते. या सगळ्यात भिंग मागे पडतं हे मान्य. भिंगातून एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा दिसतो, डोळे दुखतात, आणि आपण काय पाहिलं ते दुसऱ्याला दाखवता येत नाही.

पण माझा निकाल लागला तो एकाच कटकटीवर. जुन्या फोटोंच्या काळ्या भागावर चांदी वर येते बघा, निळसर आरशासारखी चकाकी धरते. ही चकाकी येते गडद जागी, आणि फोनोग्राफची लाकडी पेटी फोटोत असतेच गडद! स्कॅनरचा दिवा ठरलेल्या कोनातूनच येणार, त्यात फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि पुठ्ठा जरा वाकलेला असला की हमखास पेटीवर निळं धुकं उमटतं, आणि नेमकी ती नावाची पट्टी गायब. फोटो उलटा फिरवून परत स्कॅन केलं, कॉम्प्युटरवर उजेड-अंधाराच्या लेव्हल्स ओढल्या, धुकं नुसतं जास्त ठळक झालं. शिवाय प्रिंटरसोबत येणाऱ्या स्वस्त स्कॅनरमध्ये काचेपासून जरा उचललेला भाग धूसरच येतो, तो वैताग वेगळा.

भिंगाचं काय, फोटो खिडकीशी धरायचा आणि हळूहळू कलवायचा, एका कोनात चकाकी सरकते आणि खालचं लाकूड, कडेची नक्षी, अक्षरं असली तर अक्षरं, दिसायला लागतात. दरवेळी दिसतातच असं नाही, पण माझ्याकडे जेवढे फोटो अडकले होते त्यातले बरेचसे असेच सुटले. (एचएमव्हीच्या कुत्र्याच्या मूळ चित्रात आधी नळकांड्याचा फोनोग्राफच होता, १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना त्यावर तबकडीचं मशीन रंगवून घेतलं. तिरक्या उजेडात खालचं मशीन अजून जाणवतं म्हणतात.)

आणखी एक बारकी गोष्ट, लोक भिंतीवरचा आजोबांचा फोटो स्कॅनसाठी घरी नेऊ देत नाहीत, पण चहा पिता पिता तिथेच बघू देतात.

घ्यायचंच तर दहा पटीचं सराफी भिंग घेऊ नका, त्यात कागदाचे कण दिसतात, मशीन नाही. पाच-सहा पटीचं, मोठ्या काचेचं पुरे. फोटोवर टेकवू नका, ओरखडे जातात. ज्यांना शंभरेक फोटोंचा संग्रह नीट लावायचाय त्यांनी स्कॅनर घ्यावाच, मी नाही म्हणत नाही. पण एकच फोटो आणि एकच प्रश्न असेल तर माझं मत भिंगाला.

फक्त मासिकातून कापलेलं चित्र असेल तर भिंग खिशातच ठेवा, नुसते छपाईचे ठिपके दिसतील. आणि पितळी चकचकीत कर्णा, पेटीवर ठसठशीत कुत्र्याचा बिल्ला असा 'जुना' फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर आधी फोटोच कधीचा ते विचारा. चोरबाजारात तसली नवी मशीनं हवी तेवढी मिळतात.