नॉब की स्लायडर? तासातासाचा पाऊस पडद्यावर बघताना

पुण्याजवळच्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा वर्षभराचा पाऊस, पाणीसाठा आणि मुठा नदीत सोडलेलं पाणी तासागणिक नकाशावर दाखवायचंय. काळ मागेपुढे करायला पडद्यावर स्लायडर ठेवायचा की टेबलावर खराखुरा नॉब बसवायचा, हे ठरत नसेल तर आधी साधा हिशेब करा. वर्षाचे तास ८,७६०. स्लायडर १,००० पिक्सेल रुंद धरला तर एका पिक्सेलला जवळपास ९ तास आले. बोट कितीही जपून सरकवा, संध्याकाळी वाढवलेला विसर्ग आणि पहाटे पाण्याखाली गेलेला पुण्यातला भिडे पूल यांच्यामधले तास निसटणार. आणि बघण्यासारखं सगळं त्या तासांतच आहे.

फेरीला २४ खटके असलेला रोटरी एन्कोडर, म्हणजे न अडता गोल फिरणारा आणि खटके मोजणारा नॉब, घेतला की एक खटका एक तास, एक फेरी एक दिवस. हाताला हे लगेच कळतं आणि नजर नकाशावरून हलत नाही. पानशेत-वरसगावचं पाणी आल्यावर खडकवासल्याची पातळी कधी चढली, ते मागेपुढे फिरवून हवं तितक्या वेळा बघता येतं. स्लायडरवर नजर सारखी त्या ठिपक्याकडे जाते. टचस्क्रीन असेल तर ठिपका बोटाखालीच झाकला जातो.

नॉबची अडचण लांबच्या उडीत. १५ जूनवरून १५ सप्टेंबरला जायला ९२ फेऱ्या! म्हणून दाबताही येणारा एन्कोडर घ्या: दाबला की खटक्याला दिवस. शिवाय आपण वर्षात कुठे आहोत हे नॉब सांगत नाही, त्यासाठी पडद्यावर बारीक टाइमलाइन लागतेच. रेडिओच्या आवाजासारखा, दोन्ही टोकांना अडणारा पोटेन्शिओमीटर मात्र नको. आर्डुइनो उनो आर३ हा नेहमीचा छोटा बोर्ड त्याच्या १,०२४ पायऱ्याच वाचतो, म्हणजे पुन्हा स्लायडरचंच दुखणं.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं. प्रो मायक्रो हा आर्डुइनोसारखाच छोटा बोर्ड संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसू शकतो, त्यामुळे प्रत्येक खटक्याला डावा-उजवा बाण पाठवला की झालं. तेव्हा खरेदीआधी नुसते कीबोर्डवरचे बाण नकाशाला जोडून बघा. तासातासाने पुढे जाण्यात काही हाती लागतंय का, ते तिथेच समजेल.

प्रदर्शनासाठी किंवा वर्गासाठी मी नॉबच निवडेन, सोबत उडी मारायला टाइमलाइन. लोक घरून मोबाइलवर बघणार असतील तर स्लायडरला पर्याय नाही, पण त्यात आठवडा मोठा करून बघायची सोय द्याच. आकडे रोजचेच असतील तर नॉबचा खर्च करू नका: १,००० पिक्सेलमध्ये दिवसाला जवळपास ३ पिक्सेल मिळतात, तेवढे बोटाला पुरतात.