बॉल पायथनला जिवंत उंदीर द्यायचा का फ्रोझन? मराठवाड्यात राहून ठरवताना

बॉल पायथन, म्हणजे पाळायचा छोटा आफ्रिकन अजगर, घरी आणलाय, किंवा आणायचं पक्कं झालंय, आणि घोडं पेंड खातंय ते फक्त त्याच्या खाण्यावर, जिवंत उंदीर द्यायचा का फ्रोझन (मारून गोठवलेला), अशांसाठी हे लिहितोय. टब (साप ठेवायचा डबा), हीट मॅट, थर्मोस्टॅट तुम्हाला माहितीय असं धरून चालतो. एकच गोष्ट आधी सांगतो. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं पाळता येत नाहीत, आणि बॉल पायथन आफ्रिकेतला असला तरी सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. ती राहिली असेल तर उंदराच्या आधी ते काम उरका.

जिवंत उंदराची बाजू कमकुवत नाही. हालचाल, ऊब, वास सगळं एकदम मिळतं, त्यामुळं लहानपणापासून जिवंतवर वाढलेला साप पहिल्याच रात्री झडप घालतो आणि आपला जीव भांड्यात पडतो. फ्रीजर लागत नाही, पार्सलची वाट बघायला लागत नाही, पेट शॉपवाल्याला सांगून ठेवलं की पांढरे उंदीर मिळून जातात. नवीन आणलेला साप बरेच दिवस काहीच खात नसेल आणि वजन उतरत असेल तर मी पण म्हणेन की आधी त्याच्या पोटात काहीतरी जाऊ द्या, बाकी नंतर बघू.

शेतातला किंवा घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मात्र कधीच नाही. आपल्याकडं शेतात झिंक फॉस्फाईड आणि घरात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सर्रास टाकतात, उंदीर वरून धडधाकट दिसतो आणि विष त्याच्या पोटात नाहीतर लिव्हरमध्ये असतं, ते सरळ सापात जातं. जंत वेगळेच.

आता माझं कशावरून ठरलं ते सांगतो. साप खात नाही तेव्हा त्या उंदराचं करायचं काय, बस एवढ्यावरून. बॉल पायथन मूडी प्राणी आहे, कात टाकायची वेळ आली, थंडी पडली, टबची जागा बदलली की तोंड फिरवतो. आणि खातो तो रात्री. उंदीर आत ठेवून आपण झोपू शकत नाही, कारण भुकेला उंदीर सापाला कुरतडतो आणि साप पळत नाही का उलटून चावत नाही, नुसता वेटोळं करून पडून राहतो, पाठीवरचं मांस उघडं पडलं तरी. अशी जखम चिघळली तर दाखवायचं कुणाला? परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे हे खरं, पण गावातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशी आणि शेळ्यांवर बसलेला असतो, सापावर नाही. म्हणजे टबाजवळ जागत बसायचं, मग उंदीर परत बाहेर काढायचा, त्याला डबा, भुसा, दाणापाणी करायचं, पुढच्या आठवड्यापर्यंत सांभाळायचा. एप्रिलमध्ये बंद खोलीत तो वास काय असतो ते सांगायला नको. आई रोज विचारायची, "अरे, हे उंदरं कवर ठेवूलालास घरात?" आणि तिचं काही चुकत नव्हतं. त्याहून अवघड म्हणजे आठवडाभर ज्वारी टाकली की तो उंदीर आपला हात बघून जाळीपाशी यायला लागतो, आणि त्यालाच उचलून परत टबात सोडायचं. हे मला जमेना.

फ्रोझनमध्ये हा प्रश्नच मिटतो. संध्याकाळी दिला, सकाळी तसाच पडलेला दिसला तर पिशवीत बांधून टाकून द्यायचा. परत फ्रीज करायचा नाही. नुकसान एका उंदराचं, पण रात्री झोप लागते.

अडचण एकच, साप त्याला खाणं समजला पाहिजे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, गार उंदीर त्याच्या लेखी नसल्यात जमा. (कॉर्न स्नेकला अशा खाचा नाहीत, तो वासावर चालतो, म्हणून बहुतेक वेळा लवकर पटतो.) मी आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवतो, दुसऱ्या दिवशी झिप पिशवीत घालून आंघोळीच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात बुडवतो, मग पुसून कोरडा करतो आणि शेवटी डोक्याला हेअर ड्रायर, कारण साप डोकं शोधतो आणि तेच सगळ्यात ऊबदार लागलं पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, आत गार राहतो नाहीतर पोट फुटतं. मग लाईट बंद करून लांब चिमट्यानं कमरेपाशी धरायचा आणि लपायच्या जागेच्या तोंडाशी हळू हलवायचा. अंगावर नेऊन टोचवू नका, घाबरलेला साप मागं सरकतो आणि तिथंच सगळं बिघडतं. नाही घेतला तर तिथंच ठेवून खोलीबाहेर निघून जा. माझ्या सापाचं असंच व्हायचं, मी समोर असताना बघायचा पण नाही आणि सकाळी जागा रिकामी.

थेट उडी जमत नसेल तर मधली पायरी आहे, एक-दोन वेळा नुकताच मारलेला, अजून कोमट असलेला उंदीर चिमट्यानं द्यायचा आणि मग फ्रोझनवर यायचं. किंवा उंदराच्या पिंजऱ्यातला भुसा आणून फ्रोझनला चोळायचा. नकार दिला म्हणून रोज रोज समोर नाचवायचं नाही, आठवडाभर गॅप द्या आणि वजन बघत राहा. मोठा बॉल पायथन महिनोनमहिने उपाशी राहून ठणठणीत असतो, पिल्लाच्या बाबतीत मात्र एवढा धीर धरू नका.

फ्रोझनविरुद्ध आपल्याकडं एकच खरा मुद्दा आहे, लाईट. गच्च भरलेला वेगळा फ्रीजर न उघडता जवळपास दोन दिवस गारठा धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर माझा तेवढा भरवसा नाही, आणि घरच्यांच्या खाण्याशेजारी उंदीर ठेवणं बरोबर पण नाही, साल्मोनेलाचा (पोट बिघडवणाऱ्या जंतूचा) विषय आहे. डीप फ्रीजर परवडत नसेल आणि तुमच्या भागात लाईटचं काही खरं नसेल तर जिवंतवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. फक्त ते बघायला मित्र गोळा करून रील काढू नका, केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य करणं प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.

नाहीतर माझं मत फ्रोझनकडंच झुकतं, अगदी हट्टी सापासाठी सुद्धा. आणि मागवायचं असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत मागवा. हैदराबाद काय नि पुणे काय, थर्माकोलचा डबा मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर तापला की इथं पोचेपर्यंत आतला माल मऊ पडलेला असतो, तो सापाला देता येत नाही आणि परत गोठवताही येत नाही.