शेअर्ड फोल्डर की सिंकथिंग? दोन कॉम्प्युटरांच्या घरासाठी

घरात दोन कॉम्प्युटर आहेत, एकावरची फाइल दुसऱ्यावर हवी आहे आणि पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढायचा कंटाळा आलाय, इथपासून सुरुवात करतो. फोल्डर शेअर कुठून करायचा ते तुम्हाला ठाऊक असणार. प्रश्न पुढचा आहे: विंडोजचा शेअर्ड फोल्डरच ठेवायचा, की सिंकथिंग, म्हणजे दोन यंत्रांतला फोल्डर आपोआप एकसारखा ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं? मी दोन्ही वापरलेत. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराचा हा अनुभव आहे, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकेल.

शेअर्ड फोल्डरचं सुख मोठं आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही, फाइल एकाच जागी राहते, डिस्कवर दुप्पट जागा जात नाही. खालच्या डेस्कटॉपवर गावच्या उत्सवातल्या नाटकांची रेकॉर्डिंग आहेत. ती वर लॅपटॉपवर बसून ऐकायची तर यासारखी सोय नाही.

रडगाणं एकच, आणि ते सगळ्यांचंच असतं: ‘काल दिसत होता, आज दिसत नाही.’ बहुतेक वेळा कारण साधं निघतं. विंडोजने घरचं वायफाय ‘पब्लिक’ धरलेलं असतं, ते ‘प्रायव्हेट’ करा. ‘नेटवर्क’च्या खिडकीत नाव येण्याची वाट बघू नका, ॲड्रेस बारमध्ये दोन उलटे तिरके दांडे (\\) देऊन समोरच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, लिहा. असा उघडला तर शेअरिंग ठीक आहे, फक्त नाव शोधण्यात गडबड आहे. पासवर्ड विचारला तर रोजचा पिन घालू नका. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, इथे समोरच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

नेटवर जुने सल्ले भरपूर सापडतील. घरातले कॉम्प्युटर जोडायची जुनी सोय, होमग्रुप, तर विंडोज १० मधून २०१८ मध्येच गेली. एसएमबीची (विंडोज ज्या पद्धतीने फोल्डर शेअर करतं तिची) पहिली आवृत्ती चालू करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका; २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच भोकातून पसरला आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळात बसवलेलीच नसते.

आपल्याकडच्या जुन्या घरांत आणखी एक घोळ होतो. चिऱ्यांच्या हातभर जाड भिंतींतून वायफाय पुढे जात नाही, म्हणून माणूस मागच्या खोलीसाठी दुसरा राउटर आणतो आणि तसाच जोडतो. मग एक कॉम्प्युटर १९२.१६८.०च्या घरात, दुसरा १९२.१६८.१च्या घरात, म्हणजे दोन वेगळ्या नेटवर्कांत. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून शंकाही येत नाही, पण ते एकमेकांना दिसत नाहीत. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, म्हणजे वेगळं नेटवर्क न करता तो पहिल्याचंच पुढे नेईल असा ठेवला, की सुटतं. शेअर्ड फोल्डर आणि सिंकथिंग, दोघांनाही हे करून ठेवलेलं बरं.

एवढं सगळं मला जमत होतं. तरी मन उडालं ते पावसामुळे.

शेअर्ड फोल्डरची अट अशी की फाइल ज्या यंत्रात आहे ते यंत्र जागं पाहिजे. आमच्या घरी ते जागं राहत नाही. स्लीप बंद करून ठेवलं तरी आई जाता-येता भिंतीवरचा स्विच बंद करते, ‘कोण वापरत नाही तर कशाक चालू?’ आणि जून लागला की स्विचचीही गरज नसते. संध्याकाळी गडगडायला लागलं की वीज गेलीच. लॅपटॉप बॅटरीवर चालू, त्यात हिशेबाची शीट उघडी, आणि ती शीट ज्या डेस्कटॉपवर आहे तो बंद. सेव्ह करायला जावं तर जागाच नाही. मग ती तात्पुरती लॅपटॉपवर ठेवायची. वीज आल्यावर एकाच नावाच्या दोन शीटा समोर आणि नवी कुठली, यावर घरात चर्चा. पावसाळाभर हेच.

सिंकथिंगमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक यंत्रात पूर्ण प्रत असते. वीज गेली तरी मी माझ्या प्रतीवर काम करतो. दोघं पुन्हा एकत्र चालू झाले की ते आपापसात जुळवून घेतात. २०१३ पासूनचं, मुक्त आणि फुकट सॉफ्टवेअर आहे. खातं उघडावं लागत नाही, फाइल कोणाच्या क्लाउडवर साठवली जात नाही. दोन यंत्रांचे लांबलचक ओळख-क्रमांक एकमेकांना दिले की झालं. हे पहिल्यांदा करताना थोडं चमत्कारिक वाटतं, नंतर तिकडे बघावंही लागत नाही.

खोडी त्याच्यातही आहेत. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली तर ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची जादा प्रत तयार होते, निवाडा तुम्हालाच करावा लागतो. एक यंत्र सकाळी आणि दुसरं फक्त रात्री चालू होत असेल तर त्यांची गाठच पडणार नाही. अँड्रॉइडचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती मिळते, पण हे माहीत असलेलं बरं. आणि जागा दुप्पट जाते हे तर उघडच आहे.

म्हणून रेकॉर्डिंगचा डोंगर अजून शेअर्ड फोल्डरमध्येच आहे. तो दोन ठिकाणी ठेवण्यात अर्थ नाही. चांगला इन्व्हर्टर असेल, डेस्कटॉप कायम चालू राहत असेल, तर तुम्हाला कदाचित तेवढंच पुरेल. पण हिशेब, पत्रं, शाळेचे पेपर, म्हणजे रोज उघडून बदलायच्या फाइली, यांच्यासाठी मला विचाराल तर सिंकथिंग. फक्त बसवाल त्याच दिवशी दोन्ही यंत्रांवर त्यातलं फाइल व्हर्शनिंग (बदललेल्या-पुसलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) चालू करा, कारण एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल दुसरीकडूनही तितक्याच तत्परतेने पुसली जाते.