५,५८,००० गेले, तुम्ही तरी हॅच कुठं उघडतं ते विचारा

इजिप्तच्या समुद्रात, राहण्याची सोय असलेल्या बोटीवरून डायव्हिंगला जायचं होतं, त्याचे तिघांचे मिळून ५,५८,००० रुपये. बुकिंगला १,५०,०००, दुसऱ्या हप्त्याला ३,२०,००० आणि शेवटी 'बंदराचा परवाना, नायट्रॉक्स' (डायव्हिंगसाठीची जादा ऑक्सिजनवाली हवा) म्हणून ८८,०००. आणि पुढे काय, तर फोटोतली बोट एक, धक्क्याला लागलेली दुसरी. इजिप्तच्या पोर्ट गालिबला ती पाहून आम्ही चढलोच नाही. संभाजीनगरच्या एजंटाने 'तुम्हीच आला नाहीत, परतावा नाही' असा मेसेज टाकून हात झटकले.

पैशापेक्षा लाज जास्त वाटते, कारण इशारा दोन महिने मोबाईलमध्येच पडून होता. त्याने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. खालची केबिन, वरच्या बंकवर छतात एक झाकण, म्हणजे हॅच, 'इमर्जन्सी एक्झिट'. एक हात ते झाकण वर ढकलतो आणि फटीतून दिसतो सोफ्याचा पाय. म्हणजे हॅच सलूनमध्येच, बोटीच्या बैठकीच्या खोलीतच उघडतं, आणि जिनाही सलूनमध्येच जातो. सलून पेटलं की दोन्ही वाटा एकदम बंद. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात कन्सेप्शन बोटीवर ३४ जण गेले, ते अशाच रचनेत. रात्री पहाऱ्यावरही कुणी नव्हतं. हे सगळं आम्हाला पाठ होतं, आणि तरी व्हिडिओत आम्ही एसी बघत बसलो!

आता म्हणाल, कागद तपासायचे होते. तपासले हो. शिक्का, सही, रंगीत प्रमाणपत्र, सगळं होतं. फक्त आयएमओ क्रमांकाची, म्हणजे जहाजाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची बेरीज केली नाही. सात आकडे असतात. पहिल्या सहांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा. आमच्या कागदावर ८१२३४५४ होता. बेरीज १०६ येते, म्हणजे शेवटी ६ हवा, होता ४. दोन मिनिटांचं काम. लहान बोटींना हा क्रमांक नसतोही. मग नोंदणीचा कागद मागा आणि त्यावरचं नाव बोटीच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या नावाशी ताडून बघा.

धक्क्यावर पाहिलं तर लाइफराफ्टचा, म्हणजे जीव वाचवायच्या तराफ्याचा पांढरा डबा नायलॉनच्या दोरीने रेलिंगला घट्ट बांधलेला, वर कुलूप. हायड्रोस्टॅटिक रिलीज नावाचा छोटा तुकडा बोट बुडताना दीड ते चार मीटर खोलीवर पट्टा कापून डबा सोडतो. दोरी बांधली की राफ्ट बोटीबरोबर तळाला. त्या तुकड्यावर मुदत छापलेली असते, साधारण दोन वर्षांची. फोटो मागवा. उपचारासाठीच्या ऑक्सिजनचा एकच सिलिंडर, पाच लिटरचा: २०० बारला हजार लिटर, मिनिटाला १५ लिटरने जेमतेम तासभर पुरेल. किनारा रात्रभराच्या अंतरावर!

सी स्टोरी बोट २४ नोव्हेंबर २०२४ ला याच पोर्ट गालिबहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उलटली. अकरा जण मृत किंवा बेपत्ता. म्हणून आम्ही चढलो नाही. यात आमची चूक कुठली?

आता पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी: 'हा दिवाणी मामला आहे.' दुसऱ्या दिवशी: 'समुद्रातली बोट न् तक्रार इथं? जायकवाडीत बुडाली असती तर बघितलं असतं.' सगळे हसले. सायबरवाले म्हणाले, एजंटाला तुम्ही समोर भेटलात, मग हे सायबर कसं? ठाणं म्हणतं पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. पाच चकरा झाल्या, अर्जावर पोच एकदाच मिळाली, तीही आम्ही अडून बसलो म्हणून. एका साहेबांनी तर सल्ला दिला, 'पोहता येतं ना? मग चढायचं होतं.' पोहता येणाऱ्याला बंद केबिनमध्ये धूर टाळता येतो, असं कुणी शिकवलंय यांना?

सध्या जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. आम्ही नवव्या दिवशी लावला.

आणखी: बुकिंगआधी व्हिडिओ कॉलवर खालून हॅच उघडायला लावा, कॅमेरा बाहेर काढून आकाश दाखवायला सांगा. बॅटऱ्या रात्री कुठं चार्ज होतात, पहारा कोण देतो, नाव घेऊन विचारा. मूळ बोटीवर नंतर मजला चढवलाय का, आणि त्यानंतर स्थिरतेची चाचणी झाली का, तिचा कागद मागा. हप्ता क्रेडिट कार्डाने भरा. यूपीआयने गेलेल्या पैशासाठी बँक खांदे उडवते.

एजंटाच्या स्टेटसला तोच व्हिडिओ आजही आहे. हात, झाकण, सोफ्याचा पाय. खाली लिहिलंय, 'दोनच जागा शिल्लक.'