जुनाट निद्रानाश: झोपेची गोळी घ्यायची की सीबीटी-आय करायचं?

आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर उडते, दिवसही त्यामुळे बिघडतो, आणि हे तीन महिने किंवा त्याहून जास्त चाललंय, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. घरात कुणी गेल्यावरचे दोन आठवडे किंवा ऑपरेशनच्या आधीच्या रात्री यात मोडत नाहीत. हा फरक आधीच सांगतो, कारण झोपेच्या बहुतेक जुन्या गोळ्यांचा सल्ला अशा थोड्या दिवसांसाठी असतो. प्रत्यक्षात मात्र त्या वर्षानुवर्षं घेतल्या जातात.

जुनाट निद्रानाशावर मुख्य दोन वाटा आहेत. एक गोळीची. दुसरी सीबीटी-आयची, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची भीती या दोन्हींवर काम करणारा, साधारण सहा ते आठ बैठकांचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आयच सुचवला. तरी लोकांच्या हाती आधी गोळी पडते, आणि त्यात नवल नाही. सलग चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाला ‘सहा आठवड्यांनी बरं वाटेल’ असं सांगितलं, तर ते त्याच्या कानावरूनच जातं.

पहिल्या रात्रीचं बोलायचं तर गोळीच सरस. झोल्पिडेम साधारण अर्ध्या तासात काम सुरू करते. पण ती नेमकं किती देते? २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झोल्पिडेमच्या गटातल्या औषधांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. प्रयोगशाळेत मोजलेली झोप खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळीच्या तुलनेत सरासरी २२ मिनिटं लवकर लागली. तळमळणाऱ्याला ही २२ मिनिटंही मोठी असतात, ती मी कमी लेखत नाही. पण गोळी घेतली की रात्रभर गाढ झोप, हे चित्र त्या आकड्यात बसत नाही.

आणि ‘गोळी’ ही एकच वस्तू नाही. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येतं. म्हणून ती झोप लागायला बरी, पहाटे तीनला जागं होणाऱ्याला तितकी नाही. क्लोनाझेपामला निम्म्यावर यायला तीस ते चाळीस तास लागतात. म्हणजे काल रात्रीची गोळी पुरती उतरायच्या आत आजची पोटात जाते, आणि दिवसाची सुस्ती, विसराळूपणा हळूहळू साचत जातो. डायझेपाम त्याहूनही जास्त रेंगाळते. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. २०१९ मध्ये याच गटातल्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक अर्धवट झोपेत उठून चालत होते, स्वयंपाक करत होते, गाडीही चालवत होते, आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. असं एकदा जरी घडलं तरी ती गोळी कायमची बंद.

सीबीटी-आयची सुरुवात अगदी उलटी असते, आणि हे आधी सांगितलं नाही तर लोक दुसऱ्या आठवड्यातच सोडून देतात. त्यातला सगळ्यात परिणामकारक भाग सगळ्यात कठीणही आहे. आधी एक-दोन आठवडे झोपेची डायरी ठेवायची. समजा, तुम्ही साडेआठ तास अंथरुणात असता आणि झोप लागते साडेपाच तास. मग अंथरुणात राहायचे तासही साडेपाचच. सकाळी सहाला उठायचं असेल तर रात्री साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही, आणि रात्र कशीही गेली तरी उठायचं सहालाच. अंथरुणातल्या वेळापैकी साधारण ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जायला लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत जायचं. पाच तासांच्या खाली सहसा उतरत नाहीत. जोडीला दुसरा नियम: वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाले की परतायचं. अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूत बसलेली गाठ त्याने सुटते. पहिले दोन-तीन आठवडे दिवसा पेंग येते, चिडचिड होते. त्या काळात लांबचं ड्रायव्हिंग नको.

मग पारडं फिरतं. चार्ल्स मोरिन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ७८ वयस्क निद्रानाशग्रस्तांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना टेमाझेपाम ही झोपेची गोळी, काहींना वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी-आयच, काहींना दोन्ही, काहींना खोटी गोळी. उपचार संपताना तिन्ही खऱ्या उपचारांचा उपयोग दिसला. पुढच्या तपासण्यांत मात्र टिकला तो वर्तनोपचाराचा फायदा. माझ्या मते निर्णयाचा खरा काटा इथे आहे. गोळीचं सगळ्यात चांगलं रूप पहिल्या आठवड्यात दिसतं, सीबीटी-आयचं दोन महिन्यांनी.

म्हणून तात्पुरत्या संकटात मी गोळीच्या विरोधात नाही. फक्त ती कधी थांबवायची, ती तारीख पहिल्या दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या त्रासात आधी सीबीटी-आय. प्रशिक्षित तज्ज्ञ मिळत नसेल तर ऑनलाइन कार्यक्रमही आहेत, आणि त्यांचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे. बायपोलर आजार, फेफरं किंवा दिवसभर जड यंत्रांवर काम असेल, तर झोपेचे तास कापण्याचा भाग स्वतःच्या मनाने करू नका. झोप तुटल्याने उन्माद किंवा झटका उद्भवू शकतो.

काहींच्या बाबतीत गोळीचं पारडं सुरुवातीपासूनच हलकं असतं. पासष्टीपुढे पडणं, हाड मोडणं आणि गोंधळलेपण यांचा धोका वाढतो. मोठ्याने घोरणाऱ्याचा, झोपेत श्वास अडकणाऱ्याचा प्रश्न निद्रानाश नसून स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्याची तपासणी आधी. दारूबरोबर किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर या गोळ्या श्वास मंदावतात, त्यात जीवही जातो.

सुवोरेक्झंट (अमेरिकेत मान्यता २०१४) आणि लेम्बोरेक्झंट ही नवी औषधं मेंदूला गुंगी आणण्याऐवजी जागं ठेवणारा ऑरेक्सिनचा संदेश अडवतात. बंद केल्यावरचा त्रास त्यांच्यात जुन्या गोळ्यांपेक्षा कमी दिसतो, पण दुसऱ्या दिवशीची पेंग त्यांनीही येते. अ‍ॅलर्जीच्या गोळीवर झोपायची सवय मात्र नकोच, शरीर तिला फार लवकर सरावतं.

जे आधीच रोज घेतात त्यांना कळकळीने सांगतो: हे वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. बेन्झोडायझेपिन वर्गाची (क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारखी) गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. झोपही आधीपेक्षा वाईट होऊन उसळते, आणि माणसाला वाटतं, ‘बघा, मला गोळीशिवाय झोपच येत नाही.’ ती उसळी औषध सुटल्याची असते, मूळ दुखणं परतल्याची नव्हे. माझी मावशी या फसगतीत तीनदा सापडली. चौथ्या वेळी डॉक्टरांनी तिचा डोस दर दोन-तीन आठवड्यांनी अगदी थोडा उतरवला, आणि सोबत अंथरुणाचे तास बांधून दिले. एखादा आठवडा जड गेला की पुढची पायरी लांबवायची, मागे यायचं नाही, असं ठरलं होतं. शेवटचा पाव तुकडा सुटायलाच तिला दोन महिने लागले.