ऑलिव्ह लावू की जवस? पाच एकरांचा हिशेब

साडूंच्या ओसरीवर ऑलिव्हच्या रोपांचं एक गुळगुळीत माहितीपत्रक होतं. वर हिरवी बाटली, खाली 'एकदा लावा, पिढ्यान्‌पिढ्या खा'. साडूंचं वावर पाच एकर, काळी भारी जमीन, विहीर मार्चात तळाला जाते. म्हणाले, "तुम्हीच सांगा, लावू का?"

आधी कागदावरचा हिशेब करू, आणि त्यात ऑलिव्हच जिंकतं. एकरी शंभर झाडं, भरात आल्यावर झाडामागे १५ किलो फळ आणि फळात १२ टक्के तेल धरलं, तर १८० किलो तेल होतं. कोरडवाहू जवस एकरी अडीच क्विंटल. घाण्यावर तीसेक टक्के तेल निघालं तर ७५ किलो. पेंड वेगळी, ती म्हशीला.

पण झाडाला फळ येण्याआधी फूल यावं लागतं. ऑलिव्हच्या कळ्या धरायला हिवाळ्यात बरेच दिवस चांगली थंडी लागते. नागपूरकडे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी १२-१३ अंश, दुपारी २८-३०. एवढ्यात झाड हिरवंगार जगतं, पण मोहोराची खात्री नाही. राजस्थानने इस्रायलच्या मदतीने २००८ पासून लागवड केली, तिथले हिवाळे आपल्यापेक्षा बरेच गार.

दुसरी अडचण जमिनीची. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं सडतात. आणि पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, मर आणणारी व्हर्टिसिलियम नावाची बुरशी ऑलिव्हलाही लागते. स्पेनमध्ये ग्वादाल्किविर खोऱ्यात जुन्या कपाशीच्या रानात लावलेल्या बागांना तिने चांगलंच छळलं आहे. आपल्याकडे कपाशी न घेतलेलं रान शोधून दाखवा!

तरी माझं खरं भांडण गिरणीशी आहे. तोडलेलं फळ शक्यतो त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत गाळावं लागतं. ढिगात तापलं की तेल आंबट होतं. राजस्थान सरकारला २०१४ मध्ये बिकानेरजवळ लूणकरणसरला गाळण्याचा कारखानाच उभारावा लागला. तुमच्या गावाजवळ कोण उभारणार? रोपं विकणारा? शिवाय तोडणीचं मनुष्यबळ. ऑलिव्हच्या खर्चात मोठा वाटा त्याचाच असतो, आणि आपल्याकडे कापूस वेचायलाच माणूस मिळेना.

जवसाला असली घाई नाही. पोतं कोठीत टाका, लागेल तसं घाण्यावर न्या. वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योग केंद्रात, १९३०च्या दशकात सुधारलेला घाणा निघाला, तो असल्याच गावठी तेलबियांसाठी. आमच्या घाणेवाल्याकडे पहिली धार पडली की तो बोट बुडवून चाटतो आणि मगच डबा लावतो. त्याला ते तेल ओळखीचं आहे. गिऱ्हाइकालाही आहे, आमच्या आईच्या चटणीत दुसरं तेल चालत नव्हतं.

जवसाचं रडगाणंही आहेच. हमीभाव नाही. ओमेगा-३ भरपूर, म्हणूनच तेल लवकर खवट होतं; मोठ्या डब्यात साठवून धंदा होत नाही. हमीभाव हवाच असेल तर करडई बघा: २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामासाठी तो क्विंटलला ५,९४० रुपये होता, आणि काट्यांमुळे रोही (नीलगाई) तिच्या वाटेला फारसे जात नाहीत.

साडूंना म्हटलं, चार एकर जवस, एक एकर करडई. ऑलिव्हची हौस असेल तर चार रोपं धुऱ्यावर लावा, जिथे पाणी थांबत नाही. चौथ्या-पाचव्या हिवाळ्यानंतर मोहोर दिसला तर फोन करा.