आल्प द्यूएझ बस-सहल : 5 पैकी 3

2022 च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा बारावा टप्पा बघायला ग्रेनोबलहून ही सहल घेतली. चालक वक्तशीर, रस्ता बंद व्हायच्या आत आल्प द्यूएझच्या घाटाच्या पायथ्याशी सोडलं. माहितीपत्रकात 'थोडं चालणं' म्हटलंय. अहो, घाट 13.8 किलोमीटरचा, सरासरी चढ 8 टक्के! वळणांचे आकडे उलटे, खालून 21 पासून. सातव्या वळणावर डच मंडळींचा धिंगाणा असतो, पण आम्ही सोळाव्यालाच बूड टेकलं. शर्यतीआधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा टोप्या नि खाऊ उधळत गेला. चौकड्यांच्या एका टोपीसाठी शेजारच्या फ्रेंच आजोबांनी मला चक्क कोपर मारलं. पुढचे गडी भुर्रकन गेले. खरी मजा मागच्या घोळक्यात : तोंडं वासलेली, चड्डीवर मिठाचे पांढरे ओघळ, एकाने माझ्या हातातली बाटली घेऊन थेट डोक्यावर ओतली. तेवढ्यात पैसे वसूल. टप्पा ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉकने मारला, हे मात्र फोनवर कळलं. कंपनीने कबूल केलेला, शर्यत दाखवणारा पडदा कुठे होता, देव जाणे. डब्यात शाकाहारी म्हणून कोरडा पाव आणि टोमॅटोच्या दोन चकत्या. जाणार असाल तर दशम्या-चटणी सोबत न्या, आणि परतीची गाडी रात्री उशिराचीच काढा. घाट रिकामा व्हायला फार वेळ लागतो.